न्हाणीच्या नळाला करंट

सिल्वासाजवळच्या नरोलीत आम्ही ज्या चाळीत भाड्याने राहायचो, तिथे पावसाळ्यात न्हाणीच्या नळाला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. मला वाटलं, माझाच भास. नवऱ्याने कारखान्यातून टेस्टर आणून लावला, तर दिवा पेटला.

घरमालक समोरच राहायचे. सगळे त्यांना शेठ म्हणत. मी जाऊन सांगितलं. "थई जशे बेन, होऊन जाईल, वायरमनला सांगतो," ते म्हणाले. पुढेही प्रत्येक वेळी हेच. मी रबरी चप्पल घालून अंघोळ करायला शिकले.

मग धुळ्याहून सासूबाई आल्या. त्यांना मी बजावून ठेवलं होतं, पण सवयीने त्या अनवाणीच न्हाणीत गेल्या. आधी बादली आदळल्याचा आवाज आला, मग त्यांची किंकाळी. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. नळाला हात लावताच झटका बसला होता. त्या थोडक्यात वाचल्या.

नवऱ्याने त्याच दिवशी ओळखीचा वायरमन आणला. त्याने मीटरपासून न्हाणीपर्यंत सगळं पाहिलं. "फॉल्ट तुमच्या खोलीत नाही. मेन वायर ओल्या भिंतीतून गेलीय, आणि चाळीला अर्थिंगच नाही. मालकाशिवाय मी हात लावणार नाही," म्हणाला.

म्हणजे स्वतः दुरुस्त करून घ्यायचा मार्ग बंद. मी शेजारच्या भाभींना म्हटलं, "आपण सगळ्या मिळून शेठकडे जाऊ." त्यांनी दार लोटून घेत हळूच सांगितलं, "खोली खाली करायला लावतील. हम कहाँ जाएंगे?"

मी एकटीच गेले. म्हटलं, "शेठ, आता मी वीज खात्यात अर्ज देणार."

"खोली पसंत नाही तर सोडा," ते शांतपणे म्हणाले. पण घरी येऊन मी अर्ज लिहिला. "शेठशी वाकडं घेऊन राहणार कुठे?" नवरा म्हणाला. सिल्वासाला जाऊन अर्ज दिला आणि शिक्का मारलेली प्रत जपून आणली.

लाइनमन आला तेव्हा सगळी चाळ दारात उभी होती. शेठ ओरडत होते, "काही नाही यात! बाईला उगाच भीती वाटते."

मी पुढे होऊन म्हटलं, "मग तुम्हीच नळाला हात लावा, शेठ."

शेठनी नळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात खिशात घातले. लाइनमनने टेस्टर लावला, मीटरपाशी गेला आणि अख्ख्या चाळीची लाइन तोडली. "दुरुस्ती झाल्याशिवाय जोडणार नाही."

पंखे थांबले. उकाड्यात लोकांचा सगळा राग माझ्यावर निघाला. कुणाचं तान्हं बाळ रडत होतं, कुणी नाइट शिफ्ट करून झोपलेलं. मी सासूबाईंना पुठ्ठ्याने वारा घालत बसले. वाटत होतं, आपण फार मोठी चूक केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ स्वतः वायरमन घेऊन आले. अंगणात खड्डा खणून अर्थिंग केलं, मेन वायर बाहेरून पाइपातून नेली. संध्याकाळी लाइट आले.

भाड्याचा करार संपल्यावर शेठनी तो पुन्हा केला नाही. आम्ही गलोंड्याला खोली पाहिली. टेम्पोत सामान चढवताना भाभी आल्या. आधी शेठच्या दाराकडे बघून घेतलं, मग सिलिंडर चढवायला हात लावत म्हणाल्या, "अच्छा किया तुमने."