चारोळीचं यंत्र आणि दोन दसरू

दसऱ्याला जन्मला म्हणून दसरू. आमच्या झाडीपट्टीत नावासाठी कोणी पोथी उघडत नाही. इतवारी आला तो इतवारी, बुधवारी आली ती बुधरी, आणि दसऱ्याला कोणी आलं तर प्रश्नच मिटला. त्यात आडनाव मेश्राम. चामोर्शीच्या बाजारात ‘ओ मेश्राम’ अशी हाक मारून बघा, अर्धा बाजार वळून पाहील. तेव्हा सगळ्या झाडीपट्टीत दसरू मेश्राम एकच असेल असं धरून चालणं हीच मुळात चूक होती. ती चूक ज्योत्स्नानं केली, आणि त्या चुकीसाठी दसरू आजही तिला हात जोडतो.

दसरूचं वेल्डिंगचं दुकान चामोर्शीत, मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शिक्षण आठवीपर्यंत, हात मात्र पदवीधर. ट्रॉलीचा हूक म्हणा, शाळेचं फाटक म्हणा, एकदा जोडलं की पुन्हा दुकानात येत नाही. धंद्याला हे बरं नव्हे, असं त्याची बायको नीलाबाई म्हणते.

नीलाबाईचं माहेर कोरचीकडचं, जंगलातलं. दर उन्हाळ्यात ती चाराची फळं वेचून आणायची आणि त्यांच्या टणक बिया जात्यावर फोडून चारोळी काढायची. जात्याला दयामाया नसते. अर्धी चारोळी सबंध निघायची, अर्धीचा चुरा. एका दुपारी वैतागून तिनं एक बी दगडावर ठेवली आणि रबरी चपलेच्या टाचेनं दाबली. कवच फुटलं, आतला दाणा जसाच्या तसा. तिला त्याचं काही वाटलं नाही. दसरूनं मात्र हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी नीलाबाईची चप्पल नाहीशी झाली. ती सापडली दुकानात, दोन लोखंडी तव्यांच्या मध्ये, गोल कापून चिकटवलेली. पहिल्या यंत्रानं सगळ्याचं पीठ केलं. दुसऱ्यानं काहीच फोडलं नाही. चपलेच्या जागी टायरचं रबर आलं, दोन तव्यांमधली फट कमी-जास्त करायला स्क्रू आला, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात दहातले नऊ दाणे सबंध पडू लागले. आजूबाजूच्या बाया बोचकी घेऊन दुकानाशी बसू लागल्या.

मार्कंड्याच्या जत्रेत प्रफुलच्या युवक मंडळानं दसरूचा सत्कार ठरवला. प्रफुल मंडळाचा अध्यक्ष, उत्साही माणूस. माहिती काढायचं काम त्यानं सेतू केंद्र चालवणाऱ्या ज्योत्स्नाकडे दिलं. तिनं भाबडेपणानं संगणकावर नाव टाकलं, तर दसरू मेश्राम यांच्या नावावर सात पेटंटं. पोरगी चाटच पडली. दसरूकाका एवढे मोठे आणि घरात कोणाला पत्ता नाही, याचं तिला उलट कौतुकच वाटलं.

व्यासपीठावर प्रफुल वाचू लागला. लगद्यातलं पाणी पिळणारा रोलर. कागदाची जाडी सारखी ठेवणारी पट्टी. दसरू मान खाली घालून ऐकत होता. स्टेजवर माणसाला थोडं फुगवूनच सांगतात, हे त्याला ठाऊक होतं. चौथ्या पेटंटाला मात्र त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे फुगवणं नव्हतं, हा दुसराच कोणी होता. उठून सांगावं असं त्याला वाटलं, पण समोर हजार माणसं बघून तो बसूनच राहिला. सातवं वाचून झालं, अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या. दसरू तोंडातून एक शब्द न काढता खाली उतरला.

घरी ती शाल खुंटीवर टांगलेली राहिली. नीलाबाईनं घडी करायला हात लावला तर तो म्हणाला, “राहू दे. दुसऱ्याची हाये ते.”

“दुसऱ्याची हाये तर नेऊन द्या ना,” नीलाबाई म्हणाली. “जेवन काऊन सोडता?”

ज्योत्स्नाला कळलं तेव्हा ती रडकुंडीला आली. मग तिनंच चार फोन करून खऱ्या दसरू मेश्रामांचा पत्ता काढला. कागदाच्या कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर, चंद्रपूरला तुकूममध्ये राहतात. नवरा-बायको सकाळच्या एसटीनं निघाले, पिशवीत शाल आणि नारळ.

दार उघडलं ते जाड भिंगांच्या चष्म्यातल्या एका म्हाताऱ्या माणसानं. दसरूनं बसायच्या आधीच शाल आणि नारळ टेबलावर ठेवले आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. “साहेब, तवा मी गप बसलो. चोरीच झाली ते. तुमचं तुमाले द्याले आलो.”

इंजिनिअरसाहेबांनी शाल बाजूला सारून त्याला खुर्ची दिली. मग त्यांनी विचारलं, “सातही वाचले?”

“सातही.”

“सातवं कोणतं सांगितलं?”

“चाळनीचं होतं काहीतरी.”

“हं. ती चाळणी चांगली होती.” चहा आला तसे ते मोकळे झाले. चौतीस वर्षं नोकरी, सात पेटंटं, पण मालकी कंपनीची आणि यंत्रांवर पाटीही कंपनीची. पुढे कारखान्याचे मालक बदलले, यंत्रं भंगारात गेली. “आपलं नाव असलेला लोखंडाचा एक तुकडा आज कुठी दिसत नाई,” ते म्हणाले. “माझी सातही पेटंटं लोकांसमोर वाचली गेली ती तुमच्या मार्कंड्यालेच. मी नव्हतो एवढंच.” ते हसले, दसरूनं मात्र कप खाली ठेवला.

ते शाल घेईनात, दसरू परत नेईना. शेवटी नीलाबाईनं निकाल लावला. तिच्या माहेरी एका नावाची दोन माणसं भेटली की ती ‘सहिनाव’ होतात. नारळाची अदलाबदल करायची, एकमेकांच्या सुखदुःखाला उभं राहायचं, आणि त्या दिवसापासून एकमेकांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. हाक मारायची ती सहिनाव म्हणूनच. “एकाले भेटलं ते दुसऱ्याले भेटलं. वापस करनं नसते यात,” ती म्हणाली. साहेबांनी देवापुढचा नारळ आणला. सत्काराचा नारळ तुकूममध्ये राहिला, देवाचा चामोर्शीला आला, आणि शाल दसरूच्याच गळ्यात पडली.

निघताना साहेबांनी विचारलं, “पण सहिनाव, सत्कार मुळात कशाचा होता?”

दसरूनं यंत्राचं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात म्हातारा वही, पट्टी आणि पेन्सिल घेऊन चामोर्शीच्या स्टँडवर हजर. पाच दिवस ते दुकानातल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी प्रश्न विचारून दसरूला भंडावून सोडलं.

“ही फट किती?”

“नखाएवढी.”

“कोणाच्या नखाएवढी?”

“हिच्या.”

“पेटंटात नीलाबाईंचं नख चालत नाई, सहिनाव. मिलिमीटर पाह्यजे.”

त्यांनी चित्रं काढली, अर्ज लिहिला, ज्योत्स्नाकडून तो भरून घेतला. शोध लावणाऱ्याच्या रकान्यात त्यांचंही नाव घालावं म्हणून दसरूनं हट्ट धरला, तर ते पहिल्यांदा कडक झाले. “शोध तुमचा. मी चित्रं काढली. न लावलेल्या शोधावर नाव घालायचं नसते. तुमीच तर हे सांगाले एसटीनं आला होता माझ्याकडं.” दसरूनं हट्ट सोडला.

पेटंटच्या कचेरीशी तीन वर्षं पत्रापत्री चालली. तपासनीस शंका काढायचे, साहेब चष्म्यावर भिंग धरून उत्तरं लिहायचे. शेवटची उत्तरं तर त्यांनी नुसती तोंडानं सांगितली आणि ज्योत्स्नानं उतरवली, कारण तोवर डोळे गेल्यातच जमा होते. मग एक दिवस प्रमाणपत्र आलं. चारोळी फोडण्याचं यंत्र, दसरू मेश्राम, मुक्काम चामोर्शी.

मार्कंड्याला पुन्हा सत्कार झाला, या वेळी अगदी खरा. आता बोलायचंच असं ठरवून दसरू उभा राहिला. “हे माह्या सहिनावामुळं झालं,” एवढं म्हणून तो थांबला. पुढं नाव घ्यायचं होतं आणि तेच घेता येत नव्हतं. लोकांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कोण सहिनाव, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. नवी शाल पांघरून घरी येताना दसरूला पुन्हा तसंच वाटलं, अर्धी शाल दुसऱ्याची आहे. कागदावर ते नाव घालू देत नाहीत, तोंडानं घेता येत नाही. माणसाचे उपकार मानायचे तरी कसे?

दोन दिवस दुकान उघडूनही त्यानं काही काम केलं नाही. तिसऱ्या दिवशी लोखंडात अक्षरं उठवायचे पंच आणि हातोडी काढली आणि नव्या यंत्राच्या पत्र्यासमोर बसला.

“नाव दोनदा काऊन कोरून राह्यले?” नीलाबाईनं विचारलं. त्यानं कारण सांगितलं. “आन् माही चप्पल गेली ते?” एवढं म्हणून ती चहा ठेवायला गेली. दुसऱ्या दिवशी दसरूनं तिला नवी चप्पल आणून दिली, ती अजून टिकून आहे.

पेटंटानंतरचं पहिलं यंत्र टेम्पोत घालून दोघं तुकूमला गेले. साहेबांना आता माणसं आवाजावरून ओळखावी लागत. त्यांनी हँडल फिरवलं, स्क्रू चाचपला, रबरावर अंगठा दाबून पाहिला आणि मान हलवली. मग दसरूनं त्यांचं बोट धरून समोरच्या पत्र्यावर ठेवलं.

बोट एकेका अक्षरावरून सरकत गेलं. “तुमचं नाव, सहिनाव,” ते म्हणाले. “छान. अक्षरं सरळ रेषेत आली.” बोट खाली उतरलं आणि तिथं अडलं. “हे तर पुन्हा तेच.”

“तेच नाई, सहिनाव,” दसरू म्हणाला. “खालचं माहं हाये. वरचं तुमचं. आता जेवढी यंत्रं बनतीन, तेवढ्यांवर.”

 साहेबांनी बोट उचललं, वरच्या ओळीच्या सुरुवातीला नेलं, आणि ती ओळ पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतली.