आबांच्या बोटांना लागलेलं हाड

हसणार असाल तर खुशाल हसा... मीही हसलो असतो. नारायणगावजवळच्या एका कॉलेजात बारावीला बायोलॉजी शिकवतो मी. वर्गात कुणी भानामतीचा विषय काढला तरी डोकं फिरतं माझं.

घर आमचं ओझरच्या अलीकडे. मेंढरांचे मोडलेले पाय बसवता बसवता माझे वडील, आबा, माणसांचीही हाडं बसवायला लागले. लांबलांबून लोक यायचे.

धाकट्या बहिणीच्या, शारदाच्या पाठीवर गाठ आली, तेव्हा आबांनी नऊ दिवस ती तेलानं रगडली. वाटी मीच धरली होती. गाठ दगडासारखी झाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, हाड तयार झालंय. हाड करणारी जनुकं सगळ्याच पेशींत असतात, पण हाडाच्या पेशींतच चालू होतात — दरवर्षी फळ्यावर लिहितो मी हे. शारदाच्या एका जनुकात जन्मापासून दोष... मार लागला, रगडलं, सुई टोचली की स्नायूतसुद्धा हाड सुरू. पक्का इलाज नाही, जपा म्हणाले. जबड्यात झालं तर तोंड उघडणार नाही.

दोष कुणाला देणार? आपलेच दात, आपलेच ओठ. त्या दिवसापासून आबांनी कुणाला हात लावला नाही. लेकीलाही नाही. मला रडूसुद्धा आलं नाही, खरं सांगतो.

मागच्या वर्षी एका दुपारी शारदा ओट्यावर लसूण सोलत होती. आबा पाच-सहा हात लांब बसलेले. एकदम म्हणाले, "डाव्या खांद्यात हाड निगालंय."

शारदानं हात वर करून दाखवला. दुखत नव्हतं, सूज नव्हती. बारा दिवसांनी तिथंच सूज आली, पुढं स्कॅनमध्ये हाड दिसलं. दिवाळीनंतर उजव्या मांडीचंही तसंच झालं. कसं कळतं, विचारलं मी.

"बोटांना लागतंय रं. हात नाय लावला तरी."

डॉक्टरांना सांगितलं. योगायोग असेल म्हणाले. दोनदा? त्यावर त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

आता पंधरा दिवस झाले, आबा गप्पच आहेत. परवा तपासणी झाली — जबडा ठीक आहे, तोंड नीट उघडतं. पण जेवायला बसलो की आबा शारदाच्या ताटातली भाकरी घेतात, दुधात अगदी बारीक कुस्करतात आणि वाटी तिच्याकडे सरकवतात.

तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असलं, तर... राहू द्या, सांगू नका. आज शारदानं आपणहून भाकरी त्यांच्यापुढं ठेवली.