सेंट लुशियात शोभाच्या पुऱ्यांशी सामना

आमच्या नॉटिंगहॅमच्या चर्चची एक टीम दर फेब्रुवारीत, शाळांच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत, मिशन ट्रिपला कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर जाते. गेल्या वर्षी माझी धाकटी जाऊ शोभा गेली आणि तिथल्या अख्ख्या मंडळीला पुऱ्या खाऊ घालून आली. मग काय, वर्षभर चर्चमध्ये तेच कौतुक! शोभाच्या पुऱ्या यंव नि शोभाच्या पुऱ्या त्यंव. यंदा ती बर्फावर घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला, जागा रिकामी झाली आणि मी हात वर केला. पास्टरना सांगितलं, देवाच्या कामासाठी. खरं कारण म्हणजे मला पुरणपोळीने पुरीला हरवायचं होतं.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, विमान लंडनच्या गॅटविकहून आहे, तेव्हा आदल्या दिवशीच निघा. मोटरवेचा काही भरवसा नाही. उतरलात की आधी अंगावरचा स्वेटर काढा. गावात जायला मिनीबस मिळते. भाडं किरकोळ, पण वळणं अशी की पोटातलं सगळं हलतं. खाली समुद्र इतका निळा, की मी दोन मिनिटं शोभाला विसरले.

दोनच मिनिटं. चर्चच्या दारात मिस ॲग्नेस उभ्या होत्या. स्वयंपाकघर त्यांच्याच ताब्यात. माझा हात हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न केला, "व्हेअर इज शोबा?"

रोज तेच. सकाळी तळलेली बेक नावाची जाड पुरी, खारा मासा आणि दालचिनी घातलेला कोको. त्या कोकोसाठी तरी जाच तुम्ही. मग आम्ही संडे स्कूलची खोली रंगवायचो, आणि मुलं मागे उभी राहून विचारायची, मिस शोबा कधी येणार? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! अरे, मी आलेय ना इथे, हातात ब्रश घेऊन?

शनिवारी पुरणाचा घाट घातला. दुकानात पिवळी डाळ दिसली, हरभऱ्याचीच समजून घेतली. ती निघाली वाटाण्याची. पुरणाचं झालं पिठलं! पोळ्या तव्यावर फटाफट फुटल्या, धूर झाला, मुलं खोकत बाहेर पळाली. मिस ॲग्नेसनी शांतपणे कढई चढवली आणि उरलेल्या कणकेच्या पुऱ्या तळल्या. "शोबाने शिकवल्या," त्या म्हणाल्या. मी तीन खाल्ल्या. चांगल्या होत्या, मेल्या.

निघताना त्यांनी नारळाच्या वड्यांचा डबा दिला. माझ्यासाठी नव्हे, शोभासाठी. विमानात दोनदा वाटलं, आपणच संपवावा. कोण विचारतंय?

घरी आले तर शोभा पाय स्टुलावर ठेवून वाटच बघत होती. "ताई, कुणी विचारलं का हो माझं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! डबा बॅगेतच होता. पण ती ज्या नजरेने बघत होती ना, माझ्याने होईना.

"रोज," मी म्हणाले आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. पोळ्यांची फजितीही सांगून टाकली.

शोभा हसायच्या ऐवजी रडायला लागली. "खरं सांगू ताई? तुम्ही गेल्यापासून मी रोज प्रार्थना करत होते, तुमच्या पोळ्या बिघडू देत म्हणून."

"ऐकली हो त्याने," मी म्हणाले. "आण इकडे ती वडी."