तापमानाचा रकाना

कुंदाताई भांडखोर होती.

आज दुपारी ती गेल्याचं कळलं आणि जुन्या ओळखीतल्या एकाने फोनवर पहिलं वाक्य हेच म्हटलं.

होती. पण कशासाठी भांडली, तेही सांगा ना.

नव्वदच्या दशकाची अखेर. बोईसरच्या एका गाळ्यात आम्ही सिलिकॉनचे डिटेक्टर तपासायचो. पातळ चकती, तिच्यातून कण गेला की विजेचा इवलासा सिग्नल मिळतो. मोठ्या प्रयोगांत अशा चकत्या बसवतात.

पण रेडिएशन खाऊन खाऊन चकती आतून खराब होते. कण नसला तरी वीज झिरपत राहते. तेच लीकेज.

रेडिएशनचा मारा दिलेल्या चकत्या आमच्याकडे यायच्या. कुंदाताई चकतीवर प्रोब, म्हणजे मोजणीची सुई, टेकवायची, मी आकडे लिहायचो. मी दहावी नापास, टेम्पररी. अक्षर चांगलं म्हणून ठेवलेला.

ती जवळच्याच मुरबे गावची. घरची बोट. सकाळी मासळी वाळत घालून आठला गाळ्यात हजर.

एका लॉटचं लीकेज मर्यादेबाहेर गेलं. साहेब मला म्हणाले, "थंड करून रीडिंग घ्या. तापमान पंचवीसच लिही."

थंड केलं की लीकेज कमी दिसतं. सात-आठ डिग्री उतरवा, जवळजवळ निम्मं. चकती मात्र तेवढीच खराब. म्हणून तर आकड्याशेजारी तापमानाचा रकाना असतो.

मला हे माहीत होतं.

तरी मी पंचवीस लिहिलं. नोकरीच्या भीतीने. अगदी सुवाच्य अक्षरात.

कुंदाताईने थर्मामीटर पाहिला. दहा. मग माझा कागद पाहिला.

"ए शाण्या, पंचवीस कुठं हाय?"

"साहेबांनी सांगितलं, ताई."

"बर्फावर कुठला बी मासा ताजा दिसतो. बाजारात गिऱ्हाईक कल्ला उघडून तरी बघतं. हितं कोण उघडणार?"

कोणीच नाही. एकदा यंत्राच्या आत बसवलं की वर्षानुवर्षं तिथे हात पोचत नाही.

तेवढ्यात साहेब आले. "कुंदाबाई, तुम्ही प्रोब सांभाळा. सायन्स आम्हाला कळतं."

"कळतं म्हणून तर राग येतो, सायेब. यो पोरगा नापास हाय, त्याला बी कळतं."

मग माझ्याकडे वळून, "खोड. दहा लिही. नाय तर मी लिवते. मग सही माजी नि लाज तुजी."

मी पंचवीसवर एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी दहा लिहिलं. सही केली. तिने खाली स्वतःची ठोकली.

लॉट नापास झाला. पुढच्या महिन्यात आम्ही दोघंही घरी.

ती मासळी विकायला बसली. एकदा बाजारात गाठून म्हणालो, "ताई, मी आधीच दहा लिहिलं असतं तर तुझी नोकरी वाचली असती."

"तुजी एकट्याची गेली असती तर मी काय गप बसली असती? पापलेट घेतोस का?"

तो गाळा का सोडला, असं पुढे काम मागायला गेलो त्या प्रत्येक ठिकाणी मला विचारलं. सोडला नाही, काढलं, असं सांगतो. का काढलं, तेही सांगतो. दोन ठिकाणी त्यामुळे काम मिळालं नाही.

तरी सांगतो.

ताई, उद्या सकाळी मुरब्याला येतोय, खांदा द्यायला.

शेवटचा नमस्कार.