आठ दिवसांची सुट्टी

संगमनेरच्या एका खाजगी शाळेत मी गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेनं उन्हाळ्याची मोठी सुट्टी बंद केली. शाळा वर्षभर चालवायची आणि मधूनमधून आठ-आठ दिवस सुट्टी द्यायची, असं ठरत होतं. बैठकीत मुख्याध्यापकांनी मत विचारलं, तेव्हा सगळ्यांत आधी मीच उभी राहिले. म्हणाले, "जूनमध्ये मुलं येतात ती अपूर्णांक विसरूनच येतात. एवढी मोठी सुट्टी नकोच." त्यात खोटं काही नव्हतं. नव्या वेळापत्रकात मुलं खरंच कमी विसरायला लागली.

त्याआधी माझा सगळा मे महिना पारनेर तालुक्यात, माहेरी जायचा. तिथं आई, भाऊ आणि वहिनी. आई आणि मी कुरडया करायचो. तीन दिवस गहू भिजवायचे, चीक काढून शिजवायचा, खाटेवर जुनं पातळ अंथरून त्यावर कुरडया घालायच्या. हात चालू असले की आई बोलायची. एरवी तिचं बोलणं कमीच.

वेळापत्रक बदललं त्याच वर्षी आई विसरायला लागली. आधी गॅस बंद करायचा राहू लागला, मग शेजारणीचं नाव आठवेना, मग माझं. त्यानंतरच्या छोट्या सुट्टीत मी आळेफाट्याला गाडी बदलून घरी पोचले, तेव्हा ती ओट्यावर लसूण सोलत होती. मला बघून तिनं पदर सावरला.

"या, बसा. कोन गाव तुमचं?"

मी शेजारी बसून लसूण सोलायला लागले. रोज तिची वेणी घालायचे, रोज तिच्या ताटाशेजारी माझं ताट घ्यायचे. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "तुमी आमच्या पोरीवानी बोलता." आठव्या दिवशी सकाळी मी पिशवी भरत होते. ती दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली.

"तू कवा आलीस गं? आन् निघाली बी?"

बाहेर भाऊ मोटरसायकल सुरू करून उभा होता. दुसऱ्या दिवशी माझा आठवीवर पहिला तास होता. मी गेले.

पुढच्या प्रत्येक सुट्टीत तसंच झालं. ओळख पटायला तिला आठ दिवस लागायचे आणि माझ्याकडे आठच असायचे. परत गेले की पुन्हा "कोन गाव तुमचं?" पासून सुरुवात.

शेवटी मी मुख्याध्यापकांकडे महिनाभराची रजा मागितली. माणूस वाईट नाही. म्हणाले, "मॅडम, मोठी सुट्टी नको हे तर तुम्हीच म्हणाला होतात. आता एकट्या तुम्हाला महिना कसा देऊ? चार दिवस वाढवून घ्या." राजीनामा द्यायचा विचार मी घरी बोलून दाखवला. आमची मुलगी त्याच शाळेत आहे, माझ्या नोकरीमुळे तिची फी माफ आहे. नवरा एवढंच म्हणाला, "आणि मग?" मी बारा दिवसांचा अर्ज लिहिला.

त्या खेपेला बारा दिवस राहिले. बाराव्या दिवशीही आईनं मला "या" म्हटलं. वहिनी भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ताई, मनाला लावून घेऊ नका. आता महिनाभर ऱ्हायलात तरी त्यास्नी कळायचं न्हाई. मला बी त्या कामवालीच समजत्यात." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मी माझे दिवस मोजत होते आणि ही बाई वर्षभर तिथंच होती. मला वहिनींकडे बघवेना.

या सुट्टीत मी गेले नाही. मुलीला ताप आहे म्हणून फोनवर सांगितलं. ताप नव्हता. वहिनी म्हणाल्या, "बरं, असू द्या." आईकडे फोन द्या म्हणावं, असं मनात आलं होतं. पण मी तसं म्हटलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.