मिलिंदच्या टेपवरचा आवाज

सकाळपासून मी एका जागी बसलो नाही, मित्रांनो. आमच्या शाळेच्या दिवसांतल्या आवडत्या रॉक बँडचा इतक्या वर्षांनी नवा अल्बम आला. मोबाईलमध्ये उतरवूनही घेतला. पण इथे ग्रुपवर जो तो लिहून राहिला, ‘गायकाचा आवाज गेला, म्हातारा झाला.’ ते वाचून गाणं लावायची हिंमतच होईना.

शेवटी गाडी काढली आणि कामठ्याला गेलो. मिलिंद माझा शाळेतला दोस्त. या बँडची आमच्याजवळची एकुलती एक कॅसेट आम्ही त्याच्याच घरी ऐकून ऐकून घासली होती.

तो शेतात धान कापत होता. "एवढ्या उन्हात काऊन आला बे?"

हेडफोनचं एक टोक त्याच्या कानात घातलं, एक माझ्या. बांधावर बसलो.

आवाज जाड, संथ, ओढल्यासारखा. मी गाणं बंद करायला मोबाईल काढला. मिलिंद मात्र विळा बाजूला ठेवून हसायला लागला.

"आता बराबर गाऊन राहिला!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मिलिंदच्या टेपचा पट्टा सैल होता. कॅसेट हळू फिरायची, आवाज असाच जाड यायचा. आम्ही तोच खरा समजलो. पुढे कॉलेजात तीच गाणी चांगल्या टेपवर ऐकली, तर वाटलं, हा माणूस एवढ्या घाईत काऊन आहे?

म्हणजे तुम्ही ज्याला म्हातारपण म्हणून राहिले, तो आवाज आम्ही नववीपासून ऐकत आहोत.

घरी आलो, तरी जिवाला चैन नाही. खरं सांगा, तुमच्या कॅसेटमध्ये तो कसा गायचा?