बाळूचा हार आणि मंदाताईंचा खुलासा

मंदाताईंनी रोबोटची हाय खाल्ली आणि त्या गेल्या, असं म्हणणाऱ्यांनी माझ्यासमोर येऊन म्हणावं.

त्यांना कॅन्सरने नेलं. रोबोटला तर आम्ही हार घातला होता. म्हणजे घातला मी. तेच सांगायचंय.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

कराडच्या आमच्या हॉस्पिटलात त्या मेडिकल वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर. गाव कुंडल. आवाज असा की कुणाचं सलाईन संपलंय, ते लिफ्टमधल्या माणसालाही कळायचं. मी पलूसची, तेव्हा नवीन, काँट्रॅक्टवर.

सहा वर्षांपूर्वी रोबोट आला. कंबरेएवढं कपाट, खाली चाकं. फार्मसीतून औषधांचे ट्रे आणायचा, लॅबला सॅम्पल न्यायचा, "कृपया वाट द्या" म्हणायचा. आम्ही त्याला बाळू म्हणायला लागलो.

बाकीच्या सिस्टर तोंड पाडून बसल्या. मंदाताई म्हणाल्या, "का गं? पंचवीस वरसं ह्या जिन्यानं माझं गुडघं खाल्लं. आता त्येला पळू दे की."

मग हॉस्पिटलच्या मॅनेजर सरांनी मीटिंग घेतली. धावपळ रोबोट करतोय, तर दुपारच्या शिफ्टला एक सिस्टर कमी करू.

कमी होणारी कोण, हे विचारायची गरजच नव्हती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मंदाताई उठल्या. "आवं सर, बाळू ट्रे आणतोय. पण पेशंट धाप लागून उठून बसला, तर त्येला धरतंय कोण? बाळूनं वाचवलेला येळ पेशंटचा हाय. तुमचा न्हाई."

सर म्हणाले, "दसऱ्यानंतर ठरवू."

आणि खंडेनवमीला मी घोळ घातला.

त्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा. गावाकडे ट्रॅक्टर, कोयते. वॉर्डात आम्ही बीपीचं मशीन, स्टेथोस्कोप, सगळ्यांना हळदकुंकू लावतो. मग बाळूनेच काय पाप केलंय? मी त्याला झेंडूचा हार घातला. चांगला भरगच्च, समोर लोंबणारा.

तो नेमका सेन्सरवर आला.

बाळू कॉरिडॉरमध्ये थांबला तो थांबलाच. समोर चिटपाखरू नाही, आणि हा आपला "कृपया वाट द्या, कृपया वाट द्या".

दारातल्या बेडवरचे सुभेदार आजोबा म्हणाले, "हलंना का गं ह्यो? अंगात आलं का काय?"

दुपारची औषधं आत, कप्पा लॉक. कंपनीला फोन लावला. देवाच्या हारावर संशय कोण घेणार?

"बघत काय बसलायसा? पळा फार्मसीत," मंदाताई ओरडल्या. आम्ही चौघी पळालो. कंपनीवाल्याने फोनवर हार काढायला लावला, तोवर अर्धा तास गेला, पण औषध कुणाचंच चुकलं नाही.

दसरा झाल्यावर मेमो आला. हार कुणी घातला, लेखी खुलासा द्या.

मी रडायलाच लागले. मंदाताईंनी कागद ओढून घेतला आणि लिहिलं:

"हार मी घातला. चूक मान्य आहे. यंत्र अर्धा तास बंद होतं. तेवढ्या वेळात चार सिस्टरनी पळून सगळ्या पेशंटना औषध वेळेवर दिलं. तिघी असत्या तर जमलं नसतं. सबब एकही सिस्टर कमी करू नये."

"ताई, हार मी घातला होता."

"गप. तुझी नोकरी कच्ची, माझी पक्की. मला काय करत्यात?"

माझी नोकरी वाचली. ताईंना मेट्रनची जागा मात्र कधी मिळाली नाही. त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. मला आजही राग येतो.

गेल्या वर्षी त्या आमच्याच वॉर्डात ॲडमिट झाल्या. बाळू औषधं घेऊन यायचा. "आला का बाळ्या," म्हणायच्या. मी ट्रे काढून घ्यायचे आणि स्टूल ओढून त्यांचे पाय दाबत बसायचे.

एकदा डोळे मिटूनच म्हणाल्या, "औंदा हार घालणार न्हवं? मागनं बांध."

दोन दिवसांनी, भर दुपारी, माझा हात धरूनच त्या गेल्या. बाळू तेव्हा लॅबला सॅम्पल घेऊन गेला होता. तो गेला होता म्हणून मी बसले होते. नाहीतर जिन्यात असते.

हाच तो वेळ, सर. ताई म्हणत होत्या तो.

आज सकाळी पुन्हा कागद आलाय. दुसरा रोबोट येतोय, एक सिस्टर कमी करण्याबाबत इनचार्जचं मत द्या.

इनचार्ज आता मी आहे. काँट्रॅक्टवर तासगावची एक पोरगी आहे, सकाळपासून माझं तोंड बघतेय.

मी लिहिलं, "रोबोट जरूर आणा. वाचलेला वेळ पेशंटचा आहे. एकही सिस्टर कमी करू नये." खाली पूर्ण नावाने सही केली. नोकरी आता माझीही पक्की आहे. मला काय करतात बघू.

ताई, श्रद्धांजली वगैरे माझ्याच्याने लिहवत नाही. खंडेनवमीला दोन्ही बाळूंना हार घालीन. मागून बांधून.

निवांत जावा. वॉर्ड मी बघते.